मांजराच्या पिल्लाला लस केव्हा द्यावी?

उन्हाळ्याची चाहूल लागली, की सोसायट्यांच्या जिन्याखाली, झाकून ठेवलेल्या गाड्यांच्या आडोशाला आणि बंद दुकानांच्या पोटमाळ्यावर मांजरींची बाळंतपणे सुरू होतात. पावसाळा सरेपर्यंत हा क्रम चालूच राहतो. मांजर आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हटले जाते. त्या सात घरांपैकी एखाद्या घरात एखादे पिल्लू कायमचे राहून जाते. घरातील मुले त्याचे नाव ठेवतात, बशीत दूध येते (खरे तर गाईचे दूध पिल्लांना सहसा मानवत नाही) आणि आठवडाभराने कोणाला तरी आठवण होते, की याला लस द्यायला हवी. ती केव्हा, कोणती आणि किती वेळा, याबद्दल मात्र शेजारीपाजारी आणि क्वचित दवाखान्यांतही एकवाक्यता आढळत नाही.

आधी उत्तर सांगून टाकणे बरे. निरोगी पिल्लाला तिहेरी लसीचा पहिला डोस वयाच्या सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान द्यावा. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी तो पुन्हा द्यावा आणि या मालिकेतील शेवटचा डोस पिल्लू १६ आठवड्यांचे झाल्यावर, म्हणजे जन्मापासून ११२ दिवस पूर्ण झाल्यावरच पडेल, याची खात्री करावी. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, म्हणजे तीन महिने पूर्ण होताच द्यावी. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशन या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने २०१६ आणि २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचा गाभा हाच आहे. यातील 'शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर' हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी काही वर्षांपूर्वी असेच एक पिल्लू आले होते. सात आठवड्यांचे असताना पहिली सुई, अकराव्या आठवड्यात दुसरी, आणि पुस्तिकेवर शिक्का पडला, 'लसीकरण पूर्ण'. आम्ही निर्धास्त झालो. पाचव्या महिन्यात त्याने एका संध्याकाळी खाणे सोडले. रात्रभर उलट्या झाल्या. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून ते बसे, पण पीत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. लस दिलेली असताना असे कसे झाले, हा प्रश्न आम्ही तेव्हा अनेकांना विचारला. त्याचे उत्तर लसीच्या कुपीत सापडत नाही. ते पिल्लाच्या आईच्या दुधात आहे.

चिकाची शिदोरी

गाय व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट, पिवळसर चीक येतो आणि ज्याचा खरवस आपण आवडीने खातो, तसाच चीक मांजरीलाही येतो. त्यात आईच्या शरीरातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिने, ठासून भरलेली असतात. नवजात पिल्लाचे आतडे ही प्रथिने जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण केवळ पहिल्या दिवसापुरते. त्यानंतर हे दार बंद होते. पहिल्या २४ तासांत पिल्लाने जेवढा चीक पोटात घेतला असेल, तेवढीच त्याची शिदोरी.

ही शिदोरी पहिले काही आठवडे पिल्लाचे रक्षण करते, मात्र ती रोज थोडी थोडी संपत जाते. साधारण दहा दिवसांत रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण निम्म्यावर येते, पुढील दहा दिवसांत त्याच्या निम्म्यावर. अडचण अशी, की हीच प्रतिपिंडे लसीलाही शत्रू समजतात. लसीतील क्षीण केलेला विषाणू शरीरात शिरताच ती त्याला गाठून नष्ट करतात आणि पिल्लाच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेला त्याची ओळख होण्याची संधीच मिळत नाही. सुई टोचली जाते, पैसे दिले जातात, पुस्तिकेत नोंद होते, आणि शरीरात काहीच घडलेले नसते.

याहून वाईट गोष्ट म्हणजे मधला काळ. आईकडून आलेली प्रतिपिंडे रस्त्यावरून आलेल्या खऱ्या, जोमदार विषाणूला अडवण्याइतकी उरलेली नसतात, पण लसीतील दुबळ्या विषाणूला निष्प्रभ करण्याइतकी मात्र असतात. या काही दिवसांत पिल्लू दोन्ही बाजूंनी उघडे असते. हा काळ कोणत्या पिल्लाच्या बाबतीत केव्हा येईल, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. कोणाची शिदोरी सहाव्या आठवड्यात संपते, कोणाची बाराव्या, तर काहींच्या रक्तात ती १६ आठवड्यांनंतरही शिल्लक असते. एकाच वेतातील दोन भावंडांतही फरक पडतो, कारण ज्याने आधी आणि अधिक चीक ओढला त्याची शिदोरी मोठी.

म्हणूनच तीच लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पिल्लांचे दुसरे आणि तिसरे इंजेक्शन म्हणजे पहिल्यावर चढवलेला थर, असे अनेकांना वाटते. तिहेरी लसीतील विषाणू जिवंत पण क्षीण केलेले असतील, तर मुख्य रोगापुरते हे खरे नाही. चिकाची प्रतिपिंडे नसताना एक डोसही प्रतिकारशक्ती निर्माण करण्यास बहुधा पुरतो. प्रश्न केवळ तो योग्य दिवशी पडण्याचा असतो, आणि तो दिवस ठाऊक नसल्याने अंधारात ठरावीक अंतराने बाण मारावे लागतात. १६ आठवड्यांनंतरचा बाण बहुतेक पिल्लांच्या बाबतीत लागतो. म्हणजे तीन डोस झाले का, यापेक्षा शेवटचा डोस किती वयाला झाला, हे विचारणे अधिक योग्य. १२ आठवड्यांच्या आत चार सुया घेतलेल्या पिल्लापेक्षा १६ आठवड्यांनंतर एकच घेतलेले पिल्लू या रोगाबाबत अधिक सुरक्षित असू शकते.

आपल्या शहरांच्या संदर्भात आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. रस्त्यावर वाढून प्रौढ झालेली मांजर बहुधा हे रोग पचवूनच जगलेली असते. तिच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर असतात आणि ती पिल्लांनाही भरपूर मिळतात. साहजिकच तिच्या पिल्लांमध्ये ती अधिक काळ टिकण्याची शक्यता असते. जिन्याखालून उचलून आणलेल्या पिल्लासाठी बाराव्या आठवड्यावर थांबणे म्हणूनच अधिक धोक्याचे.

तीन रोग, एक सुई

'तिहेरी' म्हणून ओळखली जाणारी लस तीन विषाणूंविरुद्ध असते. त्यांपैकी पॅनल्युकोपेनिया हा पिल्लांचा खरा काळ. याचा विषाणू पार्व्हो कुळातला, कुत्र्यांच्या पार्व्होचा जवळचा नातलग. किंबहुना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभर कुत्र्यांमध्ये पसरलेला पार्व्हो याच जातीच्या विषाणूपासून उद्भवला, असे मानले जाते. शरीरात ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांच्यावर तो हल्ला करतो. त्यामुळे आतड्याचे अस्तर झडते आणि अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशींची निर्मिती थांबते. उलट्या, जुलाब, ताप आणि मग अचानक अंग थंड पडणे असा क्रम असतो. काही पिल्ले लक्षणे दिसण्यापूर्वीच, एका रात्रीत दगावतात. या विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन, प्रतिजैविके आणि उलटी थांबवणारी औषधे देऊन पिल्लाला तगवून धरणे एवढेच पशुवैद्यकाच्या हाती असते.

हा विषाणू बाहेरच्या वातावरणात अनेक महिने, अनुकूल स्थितीत वर्षभरही टिकतो. चपलांच्या तळव्यांना चिकटून तो आठव्या मजल्यावरील फ्लॅटमध्येही पोचतो. 'आमचे मांजर घराबाहेर जातच नाही, त्याला लस कशाला?' या युक्तिवादाचे उत्तर दारातल्या चपलांच्या स्टँडवर आहे.

उरलेले दोन विषाणू म्हणजे हर्पीस आणि कॅलिसी. बोलीभाषेत 'कॅट फ्ल्यू' म्हणतात तो यांचा. शिंका, चिकटलेले डोळे, वाहणारे नाक. कॅलिसीमध्ये जिभेवर व्रण, त्यामुळे खाणे बंद. हर्पीसचा विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर मज्जातंतूंमध्ये दडून राहतो आणि घर बदलणे, नवे मांजर येणे अशा ताणाच्या प्रसंगी डोके वर काढतो. या दोहोंविरुद्धची लस रोग पूर्णपणे टाळत नाही, त्याची तीव्रता कमी करते. लस घेतलेले मांजर शिंकू लागले म्हणून लस फसवी ठरत नाही. पॅनल्युकोपेनियाविरुद्धचे संरक्षण मात्र भक्कम असते, आणि योग्य वयात मिळाले तर अनेक वर्षे टिकते.

मांजरांमधील ल्युकेमियाच्या विषाणूविरुद्धही लस आहे. बाहेर हिंडणाऱ्या किंवा अनेक मांजरांत राहणाऱ्या पिल्लांसाठी तिचा विचार पशुवैद्यकाशी बोलून करावा. त्याआधी रक्ततपासणी आवश्यक असते.

वय ओळखावे कसे?

हे सारे आठवड्यांचे गणित ऐकून जन्मतारीख माहीत नसलेला वाचक हताश होईल. त्याने पिल्लाचे तोंड उघडून पाहावे. समोरचे बारीक दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतात, सुळे चौथ्या आठवड्यापर्यंत दिसू लागतात आणि दाढांसह सर्व २६ दुधाचे दात आठव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होतात. डोळ्यांचा निळसर रंग सहाव्या-सातव्या आठवड्यात पालटू लागतो. वजनाचा ढोबळ हिशेब महिन्याला ४५० ग्रॅम असा धरतात. दोन महिन्यांचे पिल्लू ९०० ग्रॅमच्या आसपास. मात्र रस्त्यावरची, जंतांनी पोखरलेली पिल्ले याहून बरीच हलकी असतात, त्यामुळे वजनापेक्षा दातांवर भरवसा ठेवावा.

दातांचा आणखी एक उपयोग. समोरचे दुधाचे दात पडून कायमचे दात साडेतीन ते चार महिन्यांच्या दरम्यान येतात. हे मोठे पुढचे दात पुरते दिसू लागले, की १६ आठवडे भरत आले असे समजावे. शंका असल्यास दोन आठवडे थांबून शेवटचा डोस द्यावा. उशिराने येथे नुकसान होत नाही, घाईने होते.

पहिला डोस मात्र या कारणाने लांबवू नये. ज्यांची शिदोरी लवकर संपते, अशा पिल्लांसाठी तोच आधार असतो. अनेक पिल्ले एकत्र असलेल्या निवाऱ्यांमध्ये तर चार ते सहा आठवड्यांपासूनच सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी, २० आठवड्यांपर्यंत लस देण्याची शिफारस आहे. आई बाळंतपणातच गेल्याने चीक न मिळालेल्या पिल्लांबाबतही पशुवैद्यकाला ही गोष्ट आवर्जून सांगावी. त्यांचे वेळापत्रक वेगळे ठरते. मात्र चार आठवड्यांच्या आतील पिल्लांना आणि गाभण मांजरीला जिवंत विषाणूंची लस देऊ नये. पिल्लांचा लहान मेंदू तेव्हा घडत असतो. त्याला इजा झाल्यास पिल्लू जन्मभर झोकांड्या खात चालते.

लस देण्यापूर्वी

जंतांचे औषध लसीच्या आधी सुरू होते. गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात जातात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, दूध सुटेपर्यंत आणि नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा जंतनाशक द्यावे. मात्रा वजनावर ठरते. शेजारच्या कुत्र्याचे औषध 'थोडेसे' देण्याचा उद्योग करू नये. कुत्र्यांच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरांना विषासमान आहे.

ताप, जुलाब किंवा खाण्याची अनिच्छा असेल तर लस पुढे ढकलली जाते. नुकतेच आणलेले पिल्लू वरकरणी ठणठणीत दिसले, तरी पॅनल्युकोपेनियाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जाऊ शकतात. लसीनंतर दोनच दिवसांत पिल्लू आजारी पडले तर दोष बहुधा लसीचा नसतो. घरात दुसरे मांजर असल्यास नव्या पाहुण्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवणे शहाणपणाचे. ज्या घरात पूर्वी एखादे पिल्लू या रोगाने गेले असेल, तेथे पुढील मांजर लसीकरण झालेलेच आणावे. मी हे अनुभवाने लिहीत आहे. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुऊन मग एका भागास ३२ भाग पाणी मिसळलेले ब्लीचचे द्रावण किमान दहा मिनिटे राहू द्यावे. घरोघरी वापरले जाणारे काळे फिनाईल या कामाचे नाही, शिवाय ते मांजरांना अपायकारक असते.

लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. भर मे महिन्यात दुकानातून विकत घेतलेली कुपी पिशवीत टाकून रिक्षाने नेणे म्हणजे तिची शक्ती वाटेतच घालवणे होय. ती दवाखान्यातील फ्रिजमधूनच यावी आणि कुपीवरील लेबल आपल्या देखत पुस्तिकेत चिकटवले जावे, एवढा आग्रह धरण्यात संकोच नको.

रेबीज : घरातल्या माणसांसाठी

तिहेरी लस मांजरासाठी असते, रेबीजची मांजराइतकीच माणसांसाठी. आपल्या देशात रेबीजचा मुख्य वाहक कुत्रा असला, तरी मांजरालाही तो होतो आणि मांजराच्या चाव्यातून वा ओरखड्यातून माणसात येऊ शकतो. लक्षणे उमटल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्यामुळे तीन महिने पूर्ण होताच पहिली लस, एका वर्षाने पुढची आणि नंतर लसीच्या प्रकारानुसार ठरावीक अंतराने पुनर्लसीकरण, हा क्रम चुकवू नये. भारतात दरवर्षी ही लस देण्याचा प्रघात आहे. काही पशुवैद्यक पहिल्या लसीनंतर महिन्याभरात आणखी एक डोस देतात. रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात ते योग्यच आहे. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांसाठीही परवाना आवश्यक ठरवला, तेव्हा त्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र मागितले, ते याच कारणाने.

पहिल्या तीन महिन्यांत पिल्लाला ही लस मिळत नाही, आणि मुलांच्या हातांवर सर्वाधिक ओरखडे याच काळात उमटतात. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाने चावा घेतला किंवा रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांतले काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत उपचार लांबवू नयेत. उपचार आधी सुरू करावेत; पिल्लू धडधाकट राहिल्यास पुढील डोसांबाबत डॉक्टर निर्णय घेतात. 'एवढेसे पिल्लू, त्याला कसला रेबीज' या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.

सुईनंतर

लस दिल्यावर दवाखान्यातच १५-२० मिनिटे थांबावे. तोंडावर सूज, धाप, लागोपाठ उलट्या अशी तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते, पण आलीच तर ती लवकर येते आणि तेव्हा पशुवैद्यक समोर असलेला बरा. एक-दोन दिवस पिल्लू मलूल राहणे, किंचित कणकण असणे स्वाभाविक आहे. या कणकणीवर घरातील पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये, तुकडाही नाही. मांजराचे यकृत हे औषध पचवू शकत नाही आणि एका गोळीने त्याचा जीव जाऊ शकतो. लसीच्या भीतीने जेवढी पिल्ले वंचित राहतात, त्यांच्या मालकांनी खरे तर या गोळीला भ्यायला हवे.

टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ येते आणि काही आठवड्यांत जिरते. फार थोड्या मांजरांत अशा जागी पुढे कर्करोगाची गाठ होते, हे १९९१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रथम दाखवून दिले. तेव्हापासून खांद्यांच्या मधोमध टोचण्याऐवजी पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत टोचण्याकडे कल वाढला आहे, कारण तेथील गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येते. गाठ तीन महिन्यांहून अधिक काळ राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा लसीनंतर महिना उलटूनही वाढतच असली, तर तपासणी करून घ्यावी. हा धोका अत्यंत विरळा आहे आणि पॅनल्युकोपेनिया विरळा नाही. तुलना करताना दोन्ही बाजू तराजूत ठेवाव्यात.

शेवटच्या डोसानंतर तिहेरी लसीची एक मात्रा पूर्वी वर्षाने दिली जात असे. आता ती सहा महिन्यांच्या, म्हणजे २६ आठवड्यांच्या सुमारासच देण्याची शिफारस आहे, जेणेकरून १६ आठवड्यांनाही जी थोडी पिल्ले निसटली असतील ती वर्षभर उघडी राहू नयेत. नसबंदीसाठी पिल्लाला साधारण याच वयात दवाखान्यात न्यावे लागते, त्यामुळे हे लक्षात ठेवणे सोपे जाते. त्यानंतर घरातच राहणाऱ्या मांजराला तिहेरी लस तीन वर्षांतून एकदा पुरते. मोठे झाल्यावर घरात आलेल्या, पूर्वेतिहास अज्ञात असलेल्या मांजराला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस दिले म्हणजे झाले. त्याच्याकडे चिकाची शिदोरी उरलेली नसते.

घरात सध्या एखादे पिल्लू असेल, तर त्याची पुस्तिका काढून शेवटच्या डोसाची तारीख पाहावी. त्या दिवशी त्याचे वय १६ आठवड्यांपेक्षा कमी भरत असेल, तर 'लसीकरण पूर्ण' असा शिक्का असला तरी पशुवैद्यकाची वेळ घ्यावी आणि आणखी एक डोस मागून घ्यावा.